डॉक्टरांचं दुसरं वाक्य

ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मागच्या मे महिन्यापर्यंत ती मी कुणाला धड सांगितलेली नव्हती. थोडी सांगितली, सोयीची होती तेवढी. बाकीची पोटात ठेवली.

आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर. वडील मुंबईला एका गोदामात कामाला, गणपतीला आणि मे महिन्यात यायचे. एरवी घरात आई, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी बहीण. परसात हापूसची सात कलमं आणि रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं.

रातांबे काढायला मला कुणी चढू देत नसे. पिकलेला रातांबा म्हणे हिरव्या पानांत लांबून लालभडक दिसतो. मला कधी दिसला नाही. चढलोच तर हाताला लागेल ते मी तोडायचो आणि टोपलीत निम्मे कच्चे निघायचे. बहीण खालून ओरडायची, "अरे मेल्या, डोळे हायत का भोकं?" सगळे हसायचे, मीही हसायचो. मी धांदरट आहे हे घरात ठरून गेलं होतं, मलाही ते मान्य होतं.

आंब्याच्या बाबतीत मात्र उलटं. माळ्यावर पेंढ्यात आंबे पिकत घातले की त्या अढीतलं कुठलं फळ आज खायचं आणि कुठलं परवा, हे मी सांगायचो. बाकीचे रंग बघत. मी देठाजवळ नाक न्यायचो, अंगठ्याने हलकंच दाबायचो, आणि चुकायचो नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या बापाचं नाक आलंय त्याला." आजोबांना मी पाहिलं नव्हतं. पण मंडणगडाकडच्या त्यांच्या गावात लोक अढी दाखवायला त्यांना बोलावून नेत, असं आई सांगायची. मी वर्गात मधला, खेळात कुठेच नाही, चारचौघांत तोंड न उघडणारा. तेवढं एक नाक माझं होतं, आणि ते कुणाकडून तरी थेट माझ्यापर्यंत आलेलं होतं.

बारावीनंतर दोन वर्षं घरी बसलो. मग कुणाच्या तरी ओळखीने बोटीवर खलाशी म्हणून लागायची आशा निर्माण झाली. अर्जाला डोळ्यांचा दाखला जोडायचा होता, म्हणून रत्नागिरीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग त्यांनी एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके.

"आकडा कुठला दिसतो?"

"बारा."

त्यांनी पान उलटलं. "इथे?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पहिल्या पानावर आकडा होता, पुढे सगळीकडे नुसते ठिपके. पुस्तक मिटून त्यांनी भलतंच विचारलं, "काय हो, रातांबे काढायला जमतं का?"

माझे कान तापले. हे यांना कुणी सांगितलं?

"आणि आईचे वडील? त्यांचं असं काही?"

"त्यांचं नजरेचं काही नव्हतं," मी म्हटलं. "ते आंबा नाकाने ओळखायचे. मीही ओळखतो."

डॉक्टर हसले. "ओळखणारच. रंग कळत नसला तर माणूस करील काय?"

वाईट हसले नाहीत. पण एवढ्या वेळात माझ्याकडची एकुलती एक चांगली गोष्ट व्यंगाची खूण होऊन बसली.

मग त्यांनी समजावून सांगितलं. "हे आईकडून येतं. तिला स्वतःला काही होत नाही, पण तिच्या वडिलांचं तिने तुम्हाला दिलं. याला औषध नाही." हे पहिलं. दाखल्यावर सही करता करता ते पुढे म्हणाले, "पण हा रोग नव्हे हो. पुष्कळ पुरुषांना असतं, कित्येकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. नजर कमी होत नाही, काही नाही. बोट आणि रेल्वे सोडून काय वाट्टेल ते करा." हे दुसरं.

दाखला खिशात घालून मी मांडवीला गेलो आणि जेटीवर संध्याकाळपर्यंत बसलो. मासेमारीच्या होड्या परतत होत्या. प्रत्येकीवर झेंडे, काठांना रंगाचे पट्टे. आदल्या दिवशीपर्यंत मला वाटत होतं की मी ते बघतो. आता वाटायला लागलं, हे सगळं दुसऱ्यांचं आहे, आपण नुसतं कुंपणाबाहेरून बघतोय. धांदरटपणा माझा नव्हता, नाकही माझं नव्हतं. दोन्ही कधीच न भेटलेल्या एका म्हाताऱ्याचं. मग माझं काय होतं, ते मला तिथे बसून सापडलं नाही.

घरी पोचलो तर आई दारातच होती. "काय झालं रे?"

"नापास."

"कशानं?"

"तुझ्याकडनं आलंय. तुझ्या बापाचं. रक्तातनं येतं, बाईला काय होत नाय, ती फक्त पुढं देते."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "माझ्याकडनं?"

"हो."

"आणि औषध?"

"नाय."

यात एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांचं दुसरं वाक्य तेवढं मी गिळलं. का, ते आता सांगतो. रोग असला तर माझ्या हुकलेल्या नोकरीला वजन येत होतं. नुसते ठिपके ओळखता आले नाहीत म्हटलं तर मी पुन्हा तोच, कच्चे रातांबे तोडणारा. आणि कुणावर तरी राग काढायचा होता. आई समोर होती.

त्याच सुमारास बहिणीची सोयरिक ठरत आली होती. मुलगा अंजनवेलकडचा, प्राथमिक शाळेत शिक्षक. बघून गेला होता, पसंती कळवली होती. आता मोठी माणसं बोलणी करायला येणार होती. अशा वेळी आमच्याकडे एक प्रश्न हमखास निघतो, घराण्यात काही आहे का? म्हणजे कोड, फिट, वेड. आई दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चल, कौल घेऊया."

गावदेवीच्या देवळात गुरवाने मूर्तीला पाण्यात बुडवलेल्या फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आई हात जोडून उभी राहिली.

"आई, माझ्या रक्तात रोग हाय. पोराला दिला, लेकीच्या पोरांनाही जाईल. पावण्यांना सांगू का? सांगायचं असेल तर उजवा दे."

मी दोन हातांवर होतो. देवीला चुकीचा प्रश्न विचारला जातोय हे त्या देवळात एकट्या मला माहीत होतं. पाणी निथळत होतं. कळी पडायला बराच वेळ लागला. मला वाटत होतं, डावी पडू दे, म्हणजे मला बोलावं लागणार नाही.

उजवी पडली.

वडिलांना रजा मिळाली नव्हती. पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला आणि आईने सांगून टाकलं. "डोळ्यांचा दोष हाय. रक्तातला. माझ्याकडनं आलाय, औषध नाय."

काकांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे बोट केलं. "म्हणजे हा पुढंमागं आंधळा होणार?"

आई माझ्याकडे बघू लागली. तिलाही तेच विचारायचं होतं, इतके दिवस तिने विचारलं नव्हतं. दाराआड बहीण उभी होती, तिचे पाय दिसत होते. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"कळवतो," काका म्हणाले.

आठ दिवसांनी कार्ड आलं, योग दिसत नाही म्हणून. गोष्ट गावोगाव गेली. नंतर दोन ठिकाणांहून विचारणा झाली, तीही चौकशीनंतर थांबली. बहिणीला अंगणवाडीत काम मिळालं आणि तिचं वय पुढे सरकत गेलं. आईने माहेरी जाणं सोडलं. आजोबांचं नाव पुन्हा तिच्या तोंडून ऐकलं नाही.

मी रत्नागिरीत एका शाळेत कारकून झालो. लग्न केलं नाही. मुली सांगून यायला लागल्या तेव्हा मीच म्हणालो, आमच्यात दोष आहे. बोलून बोलून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. बोलण्यातून मी रंग काढून टाकले. दुकानात "तो वरचा दाखवा" म्हणतो, फाईल मागताना "ती जाड". तीस वर्षांत रंगाचं नाव घेतल्याचं आठवत नाही.

शनिवारी घरी गेलो की आई काहीतरी फाटकं काढून बसायची आणि सुई माझ्यापुढे करायची. "ओव बघू." मी पहिल्या झटक्यात ओवायचो. ती सुई परत घ्यायची आणि शिवायला लागायची. पुढच्या महिन्यात पुन्हा. बारा वर्षं ती अशी माझी नजर तपासत होती. त्यातल्या कुठल्याही शनिवारी मी एक वाक्य बोलू शकलो असतो. ती गेली तेव्हा तिची समजूत तीच होती.

मागच्या मे महिन्यात बहिणीला सगळं सांगितलं. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. दुसरं वाक्य सांगितलं, कौल सांगितला. मधे ती एकदाच थांबली.

"आईला सांगायचं होतंस. मला काय सांगतोस आता?"

तिने सुपातले खडे बोटाने बाजूला सारले.

"मला तो मास्तर आवडला होता," ती म्हणाली. "हे तुम्ही कुणीच विचारलं नाय."

मी म्हटलं, "काय तरी बोल गो. शिव्या दे."

"पान वाढलं की हाक मारीन," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.