पोलीसताई, गेट उघडा!

कॉलेजच्या गेटवर पाच वर्षं उभं राहिलेल्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. ते एसटीने येतात, जीपमध्ये दाटीवाटीने बसून येतात, पायी येतात आणि बरोबर आपल्यासमोर येऊन थांबतात! परवा चारोटीला आम्ही जुनी मंडळी चहाला बसलो होतो. बाबूभाऊ म्हणाला, "सुनंदा, हे सगळं कुणाला तरी सांगून ठेव. मला आता अर्धे आठवत नाहीत आणि उरलेल्या अर्ध्यांत मी स्वतःलाच हिरो करतो."

म्हणून सांगते.

कॉलेज डहाणू आणि तलासरीच्या मध्ये. मी २०१४ ला लागले, २०१९ ला सोडलं. गेटवर आम्ही तिघं. फौजेतून रिटायर झालेले सुभेदार आमचे सुपरवायझर, बाबू धोडी आणि मी. ड्रेस निळा, खांद्यावर एजन्सीचा बिल्ला. पण पाड्यांवरून येणारे लोक आम्हाला पोलीसच म्हणायचे. सुभेदार सुरुवातीला दुरुस्त करायला जायचे, "पोलीस नाही हो, सुरक्षा रक्षक."

समोरचा मान हलवायचा. "बरं, पोलीससाहेब."

शेवटी त्यांनी नाद सोडला.

*

माझा इंटरव्ह्यू सुभेदारांनीच घेतला. एजन्सीचा फॉर्म होता. उंची, वजन, शिक्षण किती, चारित्र्याचा दाखला आहे का. सगळं बघून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"भांडण सोडवायचा अनुभव?"

माझ्या आधी आत गेलेल्या बाईने कराटेचं सर्टिफिकेट दाखवलेलं मी बाहेरून पाहिलं होतं. माझ्याकडे काय होतं? मी खरं ते सांगितलं. "सर, आम्ही चार जावा आहोत. चूल एक आहे."

सुभेदारांनी चष्मा परत लावला, फॉर्मवर सही केली. "उद्या सकाळी सातला या."

*

गेटवर एक मोठा बोर्ड होता, 'विनापरवाना प्रवेश निषिद्ध'. लोक तो बोर्ड बघायचे आणि सरळ आत जायचे! त्यांचा काही दोष नाही. निषिद्ध हा शब्द मला तरी कुठे रोज लागतो?

बाबूभाऊ मराठी, गुजराती आणि वारली, तिन्ही बोलायचा, आणि एकाच वाक्यात बोलायचा. त्याने एक दिवस खडू घेतला आणि बोर्डाखाली लिहिलं, 'पहिलं माझ्याशी बोला.'

लोक थांबायला लागले. बोलायलाही लागले.

एक आजी आल्या. उधव्याकडच्या. बाबूशी त्या अर्धा तास बोलल्या. नातवाला खोकला झालाय, रस्त्याचं काम अर्धवट टाकून माणसं पळाली, सून चांगली आहे पण भाकरी जाड थापते. बाबूने सगळं ऐकलं. मग आजी उठल्या आणि एसटी स्टॉपकडे चालू लागल्या.

"आजी, आत कुणाकडे जायचं होतं?"

"कुनाकडं नाय. एसटीला टायम होता. एका पोरीने वाचून दावलं, बोल म्हणून लिवलंय."

सुभेदारांना आम्ही हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "पुसू नका ते."

*

कॉलेजच्या मागे चिकूची झाडं होती. चिकू चोरीला जायला लागले. प्राचार्या मॅडमनी नोटीस काढली, सुभेदारांनी पहारा लावला. पहाटे नाही, दुपारी नाही, चोरी नेमकी सकाळी सात ते साडेसातच्या मध्ये व्हायची. तिसऱ्या दिवशी बाबूभाऊने झाडाखाली माणूस पकडला. हातात कापडी पिशवी. बघतो तर आमचे वनस्पतिशास्त्राचे सर!

सर जरा लाजले, पण सावरले. "मी नमुने गोळा करतोय. अभ्यासासाठी."

बाबूने पिशवीत डोकावलं. "सर, सगळे पिकलेलेच नमुने?"

"पक्वावस्थेचा अभ्यास आहे."

बाबू आठवी पास. पण नोंद त्याने जी केली ती मॅडमनी स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. 'चोर सापडला नाही. अभ्यास चालू आहे.'

*

आता नियम असा की हत्यार घेऊन आत जायचं नाही. आणि आमच्याकडे डोंगराकडच्या गावांतून येणारा बाप्या कंबरेला कोयता लावूनच घराबाहेर पडतो. त्यात भांडणाचा काही संबंध नाही. येताना लाकूड तोडायचं असतं, जाताना गवत कापायचं असतं. कोयता त्यांच्या कंबरेला असतो तसा आपल्या खिशात रुमाल.

पण नियम तो नियम. बाबूभाऊने केबिनच्या भिंतीवर खिळे ठोकले. आलेल्या माणसाने कोयता काढून द्यायचा, बाबू चिठ्ठीवर नाव लिहून तो खिळ्याला टांगणार, जाताना परत देणार. एकाही माणसाने कधी वाद घातला नाही. एक जण तर जाताना म्हणाला, "धार बघून ठेवली असती तर बरं झालं असतं."

आणि नेमकं एक दिवस विद्यापीठाकडून पाहणीला मंडळी आली. टाय लावलेले एक साहेब केबिनमध्ये पाणी प्यायला वळले आणि भिंतीकडे बघतच राहिले. ओळीने कोयते! प्रत्येकाला नावाची चिठ्ठी!

"हे... हे एवढं सगळं जप्त केलंय तुम्ही?"

सुभेदार सावधानमध्ये उभे. "नाही सर. आज पालक सभा आहे."

*

हसण्यासारखं सगळंच नव्हतं.

एस.वाय.ची रेखा एकदा धावत केबिनमध्ये आली आणि माझ्या टेबलाखाली जाऊन बसली. "ताई, दादा आलाय. लग्न लावणार माझं. मला नाय जायचं." टेबलाखालून तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

मी बाहेर आले तोवर भाऊ गेटवर पोहोचला होता. मोटरसायकलवर अजून दोघं. डोळे लाल. "बाहेर काढा तिला! आमच्या घरातली भानगड आहे, तुम्ही मध्ये पडू नका!"

सुभेदार मॅडमना आणायला गेले होते. बाबूभाऊ मागच्या गेटला. मी एकटी. तोंडातून निघालं ते रोजचंच. "आत जायचं तर नोंद करावी लागेल." आणि मी रजिस्टर पुढे केलं.

"नोंद कसली?"

"नियम आहे. पूर्ण नाव लिहा. वडिलांचं पण."

त्याने पेन हिसकावलं आणि लिहिलं. "गाव लिहा." लिहिलं. "पाडा?" लिहिला. "कोणाला भेटायचं?" रेखा. "नातं?" तिथे त्याचा हात जरा हळू झाला. बहीण, लिहिलं.

"आता कामाचं स्वरूप."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कशाला आलात ते."

तो पेन धरून उभा राहिला. मागून मित्र ओरडला, "अरे लिही ना काहीतरी!" याने 'घरी न्यायला' असं लिहिलं, बघितलं आणि खोडलं. मग परत पेन टेकवून उभा. कपाळाचा घाम कागदावर पडला. मग एकदम लहान आवाजात मला विचारलं, "ती काय बोलते?"

"ते तिला विचारा. पण बसून. आणि माझ्यासमोर."

त्याने मित्रांना हाताने जा म्हणून खूण केली. रेखा टेबलाखालून बाहेर आली. मॅडम आल्या, सुभेदार आले. भावाबहिणीचं बोलणं तासभर चाललं. रडणं दोघांचंही झालं. जाताना तो परत रजिस्टरकडे आला आणि खोडलेल्या जागेवर त्याने लिहिलं, 'बोलायला.'

रेखाने पदवी पूर्ण केली. दोन वर्षांनी लग्नाची पत्रिका द्यायला तोच भाऊ आला. मागे रेखा उभी होती, हसत. एवढं मला पुरलं.

*

आमच्याकडची पोरं पोलीस भरतीच्या मागे. कॉलेजच्या मैदानावर ती सकाळी पळायची आणि मी शिट्टी घेऊन उभी राहायचे. त्यात चिखले गावची एक जयश्री. समुद्राच्या वाळूत पळून पाय असे तयार झालेले की मातीवर ती वाऱ्यासारखी जायची.

एकदा तिने विचारलं, "ताई, तुम्ही का नाही झालात पोलीस?"

"गेले होते ना भरतीला, लग्नाआधी. उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी भरले. मैदानातून बाहेर!"

हे मी अनेकदा सांगितलेलं. सांगताना हसायची सवय झाली होती. पण जयश्री हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती मला जिमखान्यात घेऊन गेली. तिथे भिंतीला उंची मोजायची लोखंडी पट्टी होती. "चपला काढा. टाचा भिंतीला. मान वर."

तिने मोजलं. परत मोजलं.

"ताई... तुम्ही उंचीत बसताय. वर उरताय थोड्या."

"नीट बघ."

"बघितलं. तुम्ही तेव्हा मान खाली घातली होती का?"

मला ते मैदान आठवलं. रांग. मोजणारा माणूस वसकन ओरडला होता, 'चल, पुढे हो!' आणि मी घाबरून मान खाली घातली होती. हो. घातली होती.

माझं भरतीचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. मी जयश्रीला त्या ओरडण्याचं सांगितलं, चपला घातल्या आणि म्हटलं, "चल, आज तीन राउंड जास्त."

भरतीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ग्राउंडचं विचारायच्या आधीच ती म्हणाली, "ताई, उंची मोजणारा माझ्यावर पण ओरडला. मी मान नाही हलवली."

ती लागली. आता शहरात ड्युटीला आहे.

*

शेवटचं सांगते आणि थांबते.

२०१८ च्या अखेरीला आमच्या भागात जमीन हलायला लागली. एकदा नाही, परत परत. लोक घराबाहेर अंगणात झोपायचे. वर्गात नुसतं बाक सरकलं तरी पोरं दाराकडे बघायची. सुभेदारांनी मॅडमची परवानगी घेतली, स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर्गावर्गात फिरले आणि सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. "पळायच्या वेळी दार अडकायला नको," म्हणाले. आम्हाला कामं वाटून दिली. हादरा बसला की बाबूभाऊने दोन्ही गेट उघडायची, मी दुसरा मजला रिकामा करायचा, सुभेदार मैदानात डोकी मोजणार. एकही माणूस आत राहिलेला चालणार नव्हता.

परीक्षा चालू होती. शेवटचा पेपर, शेवटची पंधरा मिनिटं. आणि हादरा बसला. खिडक्या खडखडल्या, खालून आवाज आला, जड गाडी गेल्यासारखा. परीक्षेवरच्या बाईंनी ओरडून सांगितलं, "पेपर बाकावर ठेवा, बाहेर व्हा!" जिना पोरांनी भरला. मी उलट दिशेने, भिंतीला धरून वर गेले. एकेक वर्ग बघत शेवटच्या वर्गात आले.

मधल्या रांगेत एक मुलगी बसलेली. लिहीत होती.

"अगं ऊठ! बाहेर हो!"

तिने वर पाहिलं नाही. "ताई, दोन ओळी राहिल्यात."

"मरायचंय का?"

"दोनच ओळी. तिसऱ्यांदा बसलेय या पेपरला."

माझं काम काय होतं? तिचा हात धरायचा आणि ओढत न्यायचं. मला दुसरं काही शिकवलेलं नव्हतं आणि शिकवलेलं बरोबरच होतं. वरचा पंखा अजून हलत होता. भिंतीचा थोडा पोपडा खाली पडला. मी तिच्या बाकापर्यंत गेले. हात पुढे केला. आणि तो तिच्या दंडावर न ठेवता बाकावर ठेवला. बाक हलत होता. मी तो दाबून धरला.

तिने लिहिलं. पूर्णविराम दिला. पेन बंद केलं. मग आम्ही दोघी जिन्याने खाली पळालो.

मैदानात सगळे उभे होते. कुणाला काही झालं नव्हतं. सुभेदार वही घेऊन समोर आले. चेहरा पांढरा पडला होता. पाच वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"दोन डोकी कमी होती. एवढा वेळ का लागला?"

मुलगी माझ्या मागे उभी. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "सर, दार अडकलं होतं."

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मग त्या मुलीच्या हाताकडे, बोटांना शाई लागली होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि रिपोर्टमध्ये फौजी अक्षरात लिहिलं :

'दुसरा मजला, शेवटचा वर्ग. दार अडकले. कारण : कडी.'