मामाजींचा स्पीकर

आमच्या ह्यांना एखादी वस्तू हवीशी झाली, की ती कधीच स्वतःसाठी नसते. मोटरसायकल घेतली ती मला माहेरी न्यायला. तिच्यावर बसून मी माहेरी एकदा गेले आणि परत येताना एसटीने आले, कारण ह्यांना मित्रांसोबत पुढे जायचं होतं. त्यामुळे मागच्या दिवाळीआधी हे जेव्हा गंभीर चेहरा करून म्हणाले, "बाबाले टीव्ही आयकू येत नाही, आता होम थिएटरच घ्या लागते," तेव्हा मी काय समजायचं ते समजले.

बाबा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. मामाजींचं आयुष्य सानगडीत धानाची गिरणी चालवण्यात गेलं आणि गिरणीच्या धडधडीने त्यांचे कान अर्धे खाल्ले. उरलेल्या अर्ध्यावर त्यांचं छान चाललं होतं. जुन्या टीव्हीला लागून एक स्टूल, स्टुलावर मामाजी, आणि टीव्हीच्या कडेला जिथून आवाज येतो तिथे चिकटवलेला उजवा कान. चित्राकडे त्यांची पाठच असायची. दाराबाहेर बघत बघत बातम्या ऐकायचे, कीर्तन ऐकायचे, पुढाऱ्यांना शिव्या द्यायचे, आणि जेवायला बसले की सगळं आम्हाला तिखटमीठ लावून सांगायचे. मला ते फार आवडायचं. ह्यांना ते स्टूल डोळ्यात खुपायचं.

खरं कारण असं, की ह्यांच्या साडूने, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, नागपूरला घरी होम थिएटर बसवलं होतं. ते बघून आल्यापासून ह्यांना अन्न गोड लागत नव्हतं. शिवाय दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्राच. मंडईला घरोघर पाहुणे येतात, म्हणजे दाखवायला माणसं आयतीच मिळणार. शेतात कोणत्या बांधीत कोणतं धान लावलं आहे हे गड्याला विचारणारा माणूस आता मला एचडी, फोर-के आणि फाइव्ह पॉइंट वन समजावून सांगायला लागला. हे फाइव्ह म्हणजे भिंतीवरचे पाच डबे, आणि पॉइंट वन म्हणजे कोपऱ्यात ठेवायचा एक ढोल, जो वाजला की माझ्या फळीवरची भांडी नाचतात.

नागपूरहून फिटर आला. दिवाळीसाठी नुकत्याच रंगवलेल्या भिंतींना त्याने मन लावून भोकं पाडली, केसिंगपट्ट्या ठोकल्या, भिंतभर टीव्ही टांगला. मग सोफ्याच्या मधोमध एक बोटभर माइक ठेवला आणि म्हणाला, आता कोणी हूं की चूं करायचं नाही, मशीन खोलीचा अंदाज घेते. डब्यांमधून आळीपाळीने सूं सूं आवाज यायला लागले. आम्ही श्वास धरून उभे. तेवढ्यात शेजारचा कोंबडा आरवला. पुन्हा सुरुवात. मग माझ्या कुकरची शिट्टी झाली, तर ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी ती शिट्टी मीच मारली होती. पुन्हा सुरुवात. शेवटी मशीनचं समाधान झालं आणि फिटरने निकाल सांगितला, की सगळ्यात चांगला आवाज सोफ्यावर बरोबर या जागी येईल. त्या दिवसापासून ती जागा ह्यांची. तिथे पाहुण्यांनीही बसलेलं ह्यांना चालत नाही.

मामाजींचं स्टूल गोठ्यात गेलं. पडद्याच्या आड येत होतं आणि शोभतही नव्हतं. त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला एक प्लास्टिकची खुर्ची टाकली, आणि तिच्या बाजूला कानाच्या उंचीवर मागचा एक डबा होताच. हे मोठ्या प्रेमाने त्यांच्या कानाशी ओरडले, "बाबा, हा डबा अख्खा तुमचा! कान लावा अन् आयका!" फिटर काहीतरी बोलायला गेला होता, पण हे बोलत असले की दुसऱ्याला फट सापडत नाही. तो आपली पिशवी उचलून निघून गेला.

मंडईच्या दिवशी पाहुण्यांचे हाल झाले. हातात चिवड्याच्या बशा घेऊन सगळे बिचारे ओळीने बसले, कोणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखे. विमानं डोक्यावरून गेली, घोडे पाठीमागून आले, ढोल धडधडला. यंत्राबरोबर गाणी म्हणायचा एक माइक फुकट मिळाला होता. त्यावर ह्यांनी चार गाणी म्हटली. ह्यांचा आवाज मुळात कसा आहे हे मी सांगत नाही, तो पाच डब्यांतून कसा येतो ते गावाने ऐकलं. संध्याकाळ होताच पाहुणे चपला शोधायला लागले, कारण बाहेर नाटकाचा मंडप लागला होता आणि पुढची जागा धरायची होती. घरात एवढं थिएटर असताना लोक तिकीट काढून मंडपात जातात, याचं ह्यांना अतोनात दुःख झालं. तरी जाता जाता एकेकाला दारात अडवून सांगितलंच, "बाबासाठी घेतला जी. काय बाबा, येते ना आयकू?"

"मस्त येते," मामाजी म्हणाले.

त्यानंतर मामाजी हळूहळू गप्प होत गेले. आधी डब्याला कान लावून, कपाळाला आठ्या घालून बसायचे. मग खुर्ची सोडून ओसरीवर जाऊन बसायला लागले. जेवताना बातम्या नाहीत, शिव्या नाहीत, काही विचारलं तर नुसतं हो हो. माझ्या नणंदेचा फोन आला की कानाला न लावताच माझ्याकडे सरकवायचे. "तूच बोल बाई. माये कान गेले." हे म्हणायचे, "वय झालं आता त्यायचं," आणि आवाज आणखी वाढवायचे.

मग तुरीच्या दिवसांत एका दुपारी मी शेंगा सोलत मामाजींच्या त्या खुर्चीवर बसले होते. तिथे दारातून ऊन येतं म्हणून. हे आपल्या गादीवर, म्हणजे त्या एकमेव जागी. टीव्हीवर कुठल्याशा मालिकेत सासूसुनेचं भर पावसात भांडण चाललं होतं. भांडण समोर होतं, माझ्या कानाशी मात्र नुसता पाऊस पडत होता. मी एका कानात बोट घातलं आणि दुसरा कान मामाजी लावायचे तसा डब्याला लावला. पाऊस. मग गडगडाट. मग दार करकरलं. पुन्हा पाऊस. समोर दोन बाया घसा फोडून भांडत होत्या आणि या डब्यात त्यांचा एक शब्द नव्हता.

"अहो, हा डबा बोलत काहून नाही?"

हे हसले. अडाणी माणसाला हसतात तसे. "अवं, तो सराउंडचा आहे. त्याच्यातून वातावरण येते. बोलनं सारं टीव्हीखालच्या मधल्या डब्यातून येते."

म्हणजे ह्यांना माहीत होतं! सगळं माहीत होतं, फक्त बाप त्या डब्यापाशी कशासाठी बसतो हे डोक्यात आलं नव्हतं.

"मामाजीले वातावरण देऊन ठेवलं तुमी?" मी शेंगांचं सूप जमिनीवर आदळलं. ओसरीवर गेले, नको नको म्हणणाऱ्या मामाजींना हाताला धरून आत आणलं आणि खुर्ची थेट टीव्हीसमोर, मधल्या डब्याला टेकवून ठेवली. त्यांनी माझं मन राखायला म्हणून कान लावला.

"अरे!" ते ताडकन सरळ झाले. "बोलून राहिल्या ह्या!"

पुन्हा कान लावला. तोंड उघडं, डोळे दाराकडे. जरा वेळाने म्हणाले, "बुढी लबाड आहे." आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "बाई, मी समजलो माये कान पुरेच गेले. पोरानं एवढा आनला अन् मले पान्याशिवाय काई आयकू येत नाही, तं सांगू कोनाले?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यापेक्षा संताप जास्त आला. कारण मागून आवाज आला, "बाबा, मान थोडी खाली घ्या न, दिसून नाही राहिलं."

मी रिमोट हिसकावून मालिका बंद केली. मामाजींची नजर टीव्हीखाली पडलेल्या गाण्याच्या माइकवर गेली. त्यांनी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला.

"याच्यात बोललेलं बी याच डब्यातून येते का?"

"येते न," हे म्हणाले.

"मंग बोल." मामाजींनी माइक ह्यांच्यापुढे धरला आणि डब्याला कान लावला.

ह्यांनी सवयीने बटण दाबलं, टिचकी मारली. "हॅलो. हॅलो, चेक."

"आयकू येते. बोल."

मंडईत चार गाणी म्हणणारा माणूस माइक तोंडाशी धरून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. शेवटी पाच डब्यांतून माझ्या नवऱ्याचा आवाज घरभर घुमला, "जेवन झालं का, बाबा?"

आम्ही तिघं मघाशी एकाच पंगतीला जेवलो होतो.

"झालं," मामाजी म्हणाले, आणि डब्याला कान तसाच लावून पुढचं काही येईल म्हणून थांबून राहिले.