लाल शंकू की पत्र्याचा डबा

दाजींनी माझा डबा पायाने बाजूला सारला, आणि त्या दिवसापासून आमच्यात जे काही नावापुरतं गोडीचं होतं तेही संपलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. जळगावला त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, घर तिथेच मेहरूण तलावाजवळ. मी धुळ्याला देवपुरात आई-आबांजवळ राहायचो आणि एका वर्कशॉपात पत्र्याचं काम करायचो. आम्हा दोघांना एकमेकांचा चेहरा नको असायचा. पण ते जावई. आबा मला दर वेळी एकच सांगायचे, “जावई शे, तोंड बंद ठेव.”

भांडण लागलं ते अक्काच्या गाडीवरून. शिंदखेड्याजवळच्या आमच्या मळ्यात अक्का ट्रॅक्टर चालवायला शिकली होती. पुढे ती कॉलेजात शिकवायला लागली आणि स्वतःच्या पगारातून तिने नाशिकहून एक जुनी, दोन दरवाज्यांची, बुटकी गाडी आणली. स्पोर्ट्‌स कार म्हणावी अशी आमच्या भागात तेवढीच. त्या उन्हाळ्यात जळगावच्या काही हौशी मंडळींनी तलावामागच्या माळावर शर्यत ठेवली आणि अक्काने नाव दिलं. बाईमाणसाने शर्यतीत उतरावं की नाही यावर कोणी काही बोलायच्या आतच आम्ही दोघं इंजिनात काय बसवायचं यावर भांडायला लागलो.

गाडीचं इंजिन श्वास घेतं तो एका गाळणीतून. कंपनीने बसवलेलं गाळणीचं मूळ भांडं अरुंद, त्यामुळे गाडी वर चढताना धापा टाकायची. दाजींनी मुंबईहून एक लाल, शंकूच्या आकाराचा फिल्टर मागवला. हवा आणि पेट्रोल जिथे मिसळतं त्या कार्बोरेटरवर तो उघडाच बसायचा. गाडी चालू केली की असा काही हुंकार यायचा की गल्लीतली माणसं बाहेर येऊन बघायची. दाजींना तेच हवं होतं. शर्यतीत गाडीवर त्यांच्या दुकानाचं नाव लागणार होतं.

मी धुळ्याहून पत्र्याचा बंद डबा करून नेला. आत ट्रॅक्टरच्या फिल्टरची कागदी गाळणी बसवली आणि मळ्यातल्या पाइपलाइनचा तुकडा जोडून त्याचं तोंड पुढे, दिव्याच्या शेजारी काढलं. माझं म्हणणं साधं होतं. खान्देशातला मे महिना, बॉनेटखाली भट्टी पेटलेली. उघडा शंकू तिथलीच तापलेली हवा ओढणार. गाडीला हवा द्यायची तर बाहेरची द्या. दाजी म्हणाले, हे डबडं माझ्या दारात उभ्या असलेल्या गाडीत बसणार नाही. आणि पाय लावला.

अक्काने दोन्ही बसवून पाहिले. भर दुपारी ती एकटीच गाडी घेऊन बांभोरीच्या पुलापलीकडे गेली, परत आली, दुसरा बसवून पुन्हा गेली. माझ्या डब्याचा पाइप पहिल्या फेरीत निखळला. दाजी खदखदून हसले. मी पाइपची पट्टी बदलून घट्ट आवळली. शेवटी अक्का म्हणाली, आवाज शंकूचा चांगला, पण उन्हात डबा जास्त ओढतो. शर्यत दुपारी होती. तिने डबा ठरवला. त्या दिवशी दाजी घाईघाईने जेवून उठले, आणि मला भाकरी गोड लागली हे मी लपवणार नाही.

शर्यतीच्या सकाळी पेट्रोल भरून आणतो म्हणून दाजी गाडी घेऊन गेले. बराच वेळ लागला. आले ते बॉनेटवर दुकानाच्या नावाची चिठ्ठी चिकटवूनच.

पहिल्या फेरीत गाडी सुटली ती हुंकार देतच. मी जागच्या जागी ओळखलं. अक्कानेही ओळखलं असणार, पण मधे थांबता येत नव्हतं. चढावर गाडी गुदमरल्यासारखी झाली आणि दोन गाड्या तिच्या पुढे गेल्या. फेरी संपल्यावर तिने बॉनेट उघडलं. आत लाल शंकू, धुळीने तपकिरी झालेला.

मी दाजींची कॉलर धरली. शर्यत बघायला आलेल्या आबांनी मला मागे ओढलं. दाजी म्हणाले, “माझ्या बायकोची गाडी आहे. त्यात काय लावायचं ते मी ठरवीन.”

घरात आम्ही अहिराणी बोलायचो, पण लग्नानंतर अक्का नवऱ्यासमोर ती कधी बोलली नव्हती; तिथे तिची भाषा पुस्तकी मराठीच. त्या दिवशी बोलली. मोठ्याने नाही. “गाडी मनी शे. तुमनी दोन्हीसनी नही.”

तिने ओढणी हाताला गुंडाळली, तापलेला शंकू उपसला आणि दाजींच्या हातात दिला. सकाळी काढलेला डबा दाजींच्या दुकानातच राहिला होता. मी म्हणालो, थांब, मी आणतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या फेरीला ती तशीच गेली. कार्बोरेटरचं तोंड उघडं, समोर माळावरची धूळ. आम्ही दोघंही एकदम ओरडलो की इंजिन जाईल. आयुष्यात एकमत झालं ते तेवढंच.

तिने त्या दोन्ही गाड्या मागे टाकल्या. पहिली नाही आली, पण कोणाच्या मागेही फार राहिली नाही. घरी परतताना मात्र गाडी निळा धूर सोडत होती. इंजिन खोललं तेव्हा धुळीने सिलिंडर आतून ओरखडून काढलेला होता.

दुरुस्ती तिने तिसऱ्याच माणसाकडून करून घेतली. मूळ कंपनीचं अरुंद भांडं परत बसवलं आणि आम्हा दोघांना बॉनेटला हात लावायची बंदी केली. पुढे ती कधी शर्यतीत उतरली नाही. का, ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नसतं.

भाऊबीजेला ती देवपूरला यायची, त्याच गाडीतून, एकटी. दाजी दुकान बंद करून संध्याकाळच्या एस. टी.ने यायचे. आबा मला स्टँडवर पाठवायचे. मी जायचो, त्यांच्या हातातली पिशवी घ्यायचो, सायकलला अडकवायचो. पांझरा नदीच्या पुलावरून आम्ही दोघं चालत यायचो. मी सायकलच्या एका बाजूने, ते दुसऱ्या बाजूने, आणि घर येईपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही.