धूळ खाली उतरते, म्हणायचा गजू

वंदनावहिनीचा फोन आला तेव्हा मी राजापेठेत स्कूटरचं पंक्चर काढून घेत उभा होतो. "भाऊजी, या तुमी," एवढंच ती बोलली आणि मागून बायकांचं रडणं ऐकू आलं. पंक्चरवाल्याला म्हटलं, राहू दे बाबा, आणि तशीच रिक्षा केली. तिचा नवरा, माझा दोस्त गजानन, गेला होता. पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. महिना उलटला, तरी माझा राग उतरत नाही… आणि तो कोणावर काढावा तेही कळत नाही.

गजू पातूरचा, कुंभाराच्या घरातला. बापाच्या चाकावर बसायचा तेव्हा कोपरापर्यंत हात ओल्या मातीत. पुढे माठ-रांजणांना गिऱ्हाईक उरलं नाही, म्हणून तो अमरावतीला आला आणि नांदगाव पेठेजवळ कपबश्यांच्या कारखान्यात लागला. मी तिथं आधीपासून भट्टीवर होतो; ते काम मी पुढे सोडलं. पहिल्या दिवशी विजेवरचं चाक बघून तो खदाखदा हसला. "अबे, हे तं आपोआप फिरते! मले फुकटचाच पगार भेटून राहिला!" माती म्हणजे माती, असं त्याला वाटलं. पण इथल्या मातीत पांढऱ्या दगडाची भुकटी मिसळलेली असते. कप वाळला की त्याची कड घासायची आणि वरची धूळ तोंडानं फुंकून टाकायची. घासायच्या खोलीत दुपारी समोरचा माणूस धुरकट दिसायचा. लग्नानंतर वंदनावहिनीही तिथंच कप घासायला बसू लागली.

पाळी सुटली की गुळाचा खडा मिळायचा. गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरते, छातीत राहत नाही, असं आम्ही सगळेच मानत होतो. गजूचा तर त्यावर भलताच विश्वास. कोणी तोंडाला फडकं बांधलं की तो चिडवायचा, "काहून बे, डाकू आहे काय तू? गूळ खा, मोकळा हो." माझाही खडा तो मागून घ्यायचा, कारण मी भट्टीवर, मला धूळ कमी. मी हसत द्यायचो.

मग त्याला खोकला लागला. क्षयाच्या गोळ्या झाल्या, परत एकदा झाल्या, आणि माणूस वाळतच गेला. शेवटी मी त्याला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि सांगितलं की दगडाची धूळ फुप्फुसात बसली आहे, ती आता निघत नाही. गजूनं वाकून फोटो बघितला. मग त्यानं विचारलं, "मॅडम, रोज गूळ खाऊन बी?" बाई हसल्या नाहीत. मला तर तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

परतीच्या एसटीत त्यानं स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि हा एकच धरून बसला होता, "वंदीले तिथून काढ. तिच्याही छातीत हेच भरून राहिलं." पण वहिनी ऐकते कुठली! घर तिच्याच कामावर चाललेलं. "तुमी बरे व्हा, मग सोडतो," म्हणायची. बरं होणं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटचे काही महिने त्याला आडवं होता येईना. उशी मांडीवर घेऊन, तिच्यावर ओणवा होऊन तो बसून राहायचा. वहिनी कामावरून आली की तिला दारातच थांबवायचा. लुगडं झटक, केस धू, मगच आत ये… एवढं बोलायलाही त्याला तीनदा थांबावं लागे. मला फार कीव यायची त्याची.

शेवटचा भेटलो तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. "काढशील ना तिले?" मी म्हटलं, "काढतो रे, बाप्पा. तू श्वास घे." नुसतं बोललो नाही मी. दिवस पार पडल्यावर राजापेठेतल्या एका खानावळीत वहिनीसाठी पोळ्यांचं काम बघितलं. मालकीण चांगली बाई आहे. वहिनीनं मान डोलावली, "सोमवारपासून जातो," म्हणाली.

गेल्या आठवड्यात खानावळवालीचा फोन आला की बाई आल्याच नाहीत. मी घरी गेलो, तर कुलूप. शेजारणीनं कारखान्याच्या दिशेला बोट दाखवलं. तिथं पोचलो तर जेवणाची सुट्टी झालेली, आणि वहिनी भिंतीला टेकून बसलेली, पापण्यांपर्यंत पांढरी. माझं डोकंच फिरलं. "वहिनी, काहून आल्या इथं? तो काय सांगून गेला, इसरल्या काय तुमी?"

ती भांडली नाही. आत जेवत बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी खोकत होतं, कोरडं, लांबलचक. ती तिकडं कान देऊन बसली होती.

"घरात लय शांत झालं, भाऊजी," ती म्हणाली. "झोप लागत नाही मले. इथं कोणी ना कोणी ह्यांच्यावानी खोकलते… तेवढंच बरं वाटते."