नंदूभाऊजींचा कॅमेरा

ऑन्टारिओतल्या आमच्या लंडनमध्ये मराठी मंडळाचा गणपती म्हटला की नंदूभाऊजी आणि त्यांचा रोलचा कॅमेरा आलाच. हे माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. आयुष्यभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले, रिटायर झाले, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फोटो फिल्मवरच काढायचा आणि उजेड येऊ नये म्हणून बेसमेंटमधल्या वॉशरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबून स्वतःच धुवायचा. एका माणसाचा एकच फोटो. त्यासाठी ते समोरच्याला ताटकळत ठेवणार, उजेड बघणार आणि मग मिनिटभर नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहणार. "भाऊजी, माझा मसालेभात गार झाला!" असं मी दरवर्षी ओरडायची.

मंडळातले शरदचंद्र कुळकर्णी गेले तेव्हा मुलांनी फोनमधले हजारो फोटो चाळले. कुठे गॉगल, कुठे अर्धंच तोंड, कुठे ताटावर वाकलेले. धड एक सापडेना. शेवटी भाऊजींनी निगेटिव्ह शोधून प्रिंट करून दिला आणि त्याला हार चढला. मग आणखी एका घरी तेच झालं. मग आणखी एका.

मंडळात जिभेला हाड नसलेल्या लोकांना तेवढंच पुरलं. "नंदूच्या कॅमेऱ्यात बघू नका हं, डायरेक्ट भिंतीवर जाल!" आधी थट्टा होती, पण पुढे लोक खरंच टाळायला लागले. कॅमेरा दिसला की मांजर आडवं गेल्यासारखे वाट बदलायचे. डॉक्टर, इंजिनियर, पीएचडी झालेले लोक हे! मला असा संताप यायचा.

यंदा गणपतीला भाऊजी कॅमेऱ्याशिवाय आले आणि पंगतीत मुकाट वाढत राहिले. मी विचारलंच.

"बॉक्समध्ये पॅक केलाय, वहिनी. युनिव्हर्सिटीच्या फोटो क्लबला डोनेट करतोय. लोकांना भीती वाटते माझी. कशाला उगीच?" म्हणाले हसून, पण डोळे भरले होते.

मी हे मंडळातल्या प्रमोदिनीकाकूंच्या कानावर घातलं. काकू ब्याऐंशीच्या, रिटायर्ड डॉक्टर. कॅन्सर पसरल्यावर त्यांनी स्वतःच ट्रीटमेंट नको म्हणून सांगून टाकलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे भाऊजींना फोन लावला. "नंदू, डोनेट नंतर कर. संडेला कॅमेरा घेऊन माझ्याकडे ये."

रविवारी मीच काकूंना इरकल नेसवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. भाऊजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. पुन्हा लावला, पुन्हा घेतला.

"काकू, मला नाही जमणार. तुमचा फोटो काढला आणि..."

"आणि मी गेले, तर तुझ्यामुळे? अरे, रिपोर्ट्स वाचलेत मी!" काकू खणखणीत हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हल्ली जो येतो तो माझी फाइल बघतो, गोळ्या बघतो. नातवंडं येतात, स्वीट आहेत बिचारी, पण सेल्फी घेताना स्क्रीनमध्ये स्वतःलाच बघतात. तू मिनिटभर माणसाकडे बघतोस ना, तसं बघ माझ्याकडे. फोटो नाही आला तरी चालेल."

भाऊजींनी बाहीने डोळे पुसले आणि कॅमेरा लावला. खट्. मला वाटलं, झालं. पण त्यांनी खटका ओढून फिल्म पुढे सरकवली आणि पुन्हा खट्. एका माणसाचा एकच फोटो काढणारा हा माणूस त्या दुपारी थांबेचना. काकू कधी बाहेरच्या मेपलकडे बघायच्या, कधी सरळ भाऊजींकडे. मध्येच गेलेल्या काकांची काहीतरी आठवण निघाली की हसायच्या. मला रडू आवरत नव्हतं. मी ओढणी तोंडाशी धरून दारात उभी होते.

शेवटी फिल्म सरकवायचा खटका अडला. रोल संपला होता. भाऊजींना कळलं, मला कळलं आणि आवाज थांबला तसं काकूंनाही कळलं. तरी काकू जागच्या हलल्या नाहीत आणि भाऊजींनी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला नाही.