मनीषाचा पान्हा आणि वॉर्डातले तज्ज्ञ

बाळंतिणींच्या वॉर्डात किस्से दुधाच्या आधी येतात आणि कधीच आटत नाहीत!

दिल्लीत डॉक्टर होऊन मी श्रीगोंद्याला परतले, तेव्हा वाटलं होतं, इथल्या आया ज्ञानासाठी तहानलेल्या असतील. मी फक्त चार्ट उलगडायचा! प्रत्यक्षात प्रत्येक कॉटभोवती चार-चार तज्ज्ञ आधीच हजर होते. मनीषाच्या कॉटचंच घ्या. पहिलं बाळंतपण, दुसरा दिवस, आणि मुख्य तज्ज्ञ तिच्या सासूबाई, अक्का.

मी रंगीत चार्टवर दाखवलं, "बाळ ओढतं, निरोप मेंदूला जातो, मेंदू हार्मोन सोडतो, मग पान्हा फुटतो."

अक्कांनी मन लावून ऐकलं. "एवढं लांब जाऊन यायचं म्हंजी येळ लागनारच की! तवर मध चाटवू का?"

*

दुपारी अक्कांनी माझ्यापुढे डबा उघडला. खरवस!

"आमची गाय येलीय. पयल्या दिवसाचा चीक हाय मॅडम, लई ताकदीचा. थेंब वाया घालवला न्हाई."

"आणि मनीषाचा चीक?"

"त्यो व्हय? पिवळा हुता. पिळून मोरीत टाकला."

खरवस उत्तम झाला होता.

*

भेटायला येणारी प्रत्येक बाई क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं विचारायची, "आलं का?" आणि उत्तराची वाट न बघता मनीषाचा पदर बाजूला करून स्वतःच बघायची. एका मावशींनी तर तिच्यासमोरच निकाल दिला, "हिच्या आईला बी न्हवतं!"

मनीषा भिंतीकडे तोंड करून बसली. हळूच मला म्हणाली, "मॅडम, मला खरंच येनार न्हाई का हो?"

*

तेवढ्यात तिचा नवरा संदीप दुधाच्या पावडरचा डबा घेऊन हजर. "टेन्शन न्हाई मॅडम, बॅकअप आनलाय!"

मी समजावलं, "डब्यानं पोट भरलं की बाळ ओढणार नाही. ओढलं नाही की दूध बनणार नाही."

"बरूबर हाय," अक्का म्हणाल्या. "उद्या सकाळपातूर बघू. मग डबा."

*

संध्याकाळी अक्का गाईची धार काढायला वस्तीवर निघाल्या. मीच स्कूटरवरून सोडलं. वाटेत लेक्चर द्यायचा बेत होता, पण रस्त्यातल्या खड्ड्यांनी संधीच दिली नाही. म्हटलं, गोठ्यात देऊ.

"तितंच थांबा!" अक्का दबक्या आवाजात ओरडल्या. "परकं मानूस दिसलं की गाय पान्हा चोरती. त्यो मोबाईल बी बंद करा."

मग त्यांनी वासरू गाईजवळ आणलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, हळू आवाजात काहीतरी बोलल्या, आणि बादलीत धार वाजू लागली. मी गेटबाहेर उभी. लेक्चर पर्समध्येच.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार्ट गुंडाळला आणि ठरवलं, आजपासून वॉर्डाचं दार अक्कांकडे.

"अक्का, काल मला गेटबाहेर उभं केलंत. इथं कुणाला उभं करायचं, ते तुम्हीच ठरवा."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग कॉटभोवतीच्या बायकांकडे. मग मनीषाकडे. पदर खोचला.

"चला, उठा! समद्या भायेर! मावशे, तू आदी. संद्या, डबा घिऊन नीघ!" बाळ त्यांनी मनीषाच्या उघड्या छातीवर ठेवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "आन तुमी? तुमी काय घरच्या हाय का?"

मी चार्ट काखेत मारून व्हरांड्यात, संदीपशेजारी जाऊन बसले.

बऱ्याच वेळानं आतून अक्कांचा आवाज आला, "हळू पाज गं पोरी, ठसका लागंल त्याला!"

संदीपनं मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. "मॅडम, दुकानवाला परत घील का हो?"