बकऱ्या गेल्यावरचा वाघ

पुस्तक लिहून झालं की लिहिणारा सुटतो, असं कुणी म्हणलं तर त्याला माझ्याकडं पाठवा. माझं पहिलं पुस्तक शाळेतल्या लेकरांनी उचलून धरलं अन् तिथून माझ्यामागं साडेसाती लागली. "दुसरा भाग कधी?" लेकरं विचारतात, प्रकाशक विचारतो. खालची घरमालकीण तर पहिला भाग न वाचताच विचारते.

पुस्तक होतं वाघ-बकरीच्या खेळावर. दगडावर कोळशानं रेघा ओढायच्या, एकानं वाघ घ्यायचा, दुसऱ्यानं बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, अन् बकऱ्या चहूबाजूंनी घेरून वाघाला कोंडतात. मी त्या रेघांचं एक राज्य केलं. तिथं रेघेबाहेर पाऊल टाकलं की टाकणारा गायब. एक बकरी ऐन मोक्याला शिंकते, दुसरी मरायच्या वेळीसुद्धा नियम सांगत बसते, अन् वाघ खाण्याआधी माफी मागतो. शेवटी बकऱ्या त्याला कोंडतात. लेकरं लई हसली.

लोकांना वाटतं हे सगळं माझ्या डोक्यातून निघालं. अर्धंच खरंय ते. आमची शेरडं होती. पाचोडच्या अलीकडं माळावर मी अन् माझा थोरला भाऊ ती चारायचो. तिथल्या एका सपाट दगडावर आमचा पट आखलेला असायचा. बकऱ्या माझ्या, वाघ दादाचा. मी बकऱ्यांची भांडणं लावायची अन् दादा वाघाचा आवाज काढायचा, घोगरा, पोट दुखत असल्यासारखा. "माफ करा बाई, तुमच्यावर राग नाय, पण भूक लागलीय." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, तेवढ्यात तो माझ्या दोन बकऱ्या गट्टम करायचा. असला लबाड!

मग सालोसाल पाऊस हुकला. चारा संपला, हिरीचा तळ दिसला, शेरडं पाचोडच्या बाजारात गेली. मी तोवर शिकायला शहरात आले होते. शेरडं विकल्याचं मला मागून कळलं. दादानं त्यावर कधी एक शब्द काढला नाय. वहिनीला आईजवळ ठेवून तोही शहरात आला. बायपासकडं जिथं बाजरी व्हायची तिथं इमारती उठत होत्या, अन् इमारत म्हणली की राखणदार आला. एक पुरी झाली की दादा दुसरीवर राखणीला. पत्र्याची खोली तेवढी त्याच्याबरोबर हलायची. एकाच शहरात राहून आम्ही भेटायचो ते सणासुदीला. तो म्हणायचा, गेट सोडता येत नाय. मी मास्तरीण झालेली, म्हणायची, शाळेतून सवड नाय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरा भाग लिहायला बसले, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या एका खोलीत. नळाला पाणी कधी यायचं त्याचा भरवसा नव्हता. जिन्यात भेटेल तो एकच विचारायचा, "आलं का?" मी म्हणायची, "नाय." की त्याचं दार बंद. कैक दिवस माझ्या तोंडून तेवढाच शब्द निघाला. इकडं कागदावर बकऱ्या भांडत होत्या, शिंकत होत्या, पण वाघ काय बोलंना. मी त्याच्या तोंडी वाक्यं घालून बघितली, ती सगळी मास्तरणीची निघाली. फाडून टाकली. वाघाशिवाय बकऱ्या म्हणजे नुसती किरकिर. मला एकटं वाटायचं, लई एकटं वाटायचं, अन् ते पुस्तकापायी आहे अशी मी स्वतःची समजूत घालायची.

शेवटी एका सकाळी उठले अन् दादाकडं गेले. तो गेटापाशी स्टुलावर बसला होता.

"अगं बये, आज इकडं कुठं उगवलीस?"

"वाघ बोलत नाय माझा," मी म्हणलं.

त्यानं चहा टाकला. मी विटेच्या तुकड्यानं कोब्यावर पट आखला. खडी तर ढिगानं पडलेली. बकऱ्यांसाठी बारके खडे वेचायला लागले तर म्हणाला, "राहू दे ते." त्यानं एकच मोठा खडा उचलला, पटाच्या मधोमध ठेवला. बाकी पट मोकळा. मग कितीतरी वर्षांनी तो आवाज काढला.

"दुष्काळ पडला, बाई. बकऱ्या गेल्या शहराला. खायचं सोडा, मला कोंडायला बी कुणी राहिलं नाय."

मला हसू आलं, पण दादा त्या खड्याकडंच बघत होता.

"मग वाघ काय करतो?" मी विचारलं.

"काय करणार? जातो हुडकायला."

त्या दिवसापासून हात थांबला नाय. वाघ रेघ धरून शहरात येतो. एका मोठ्या इमारतीच्या गेटवर वॉचमन त्याला अडवतो, रजिस्टरात नाव लिहायला लावतो. कुणाकडं जायचंय? बकऱ्यांकडं. फ्लॅट नंबर? तो काय वाघाला माहीत नसतो. मग वॉचमन त्याला बाजूला बसवतो, बिडी देतो अन् बजावतो, "इथं गुरगुरायचं नाय, लोकं तक्रार करतात."

लिहिलेलं घेऊन मी परत दादाकडं गेले अन् वाचून दाखवलं. तो ठसका लागेस्तोवर हसला. "आयला, हा वॉचमन मीच की गं!" मग डोळे पुसत म्हणाला, "पुढं? भेटतात का बकऱ्या?"

"शेवट राहिलाय," मी म्हणलं. "पण मला वाटतं, भेटू नयेत. भेटल्या तर त्या त्याला कोंडणार, खेळच तसा हाय. बिचारा एवढं चालून परत अडकंल."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. दादा उठला, गेट उघडलं, गाडी आत घेतली, गेट लावलं, अन् येऊन परत स्टुलावर बसला.

"कोंडू दे की," तो म्हणाला. "चारी बाजूंनी बकऱ्या तर असतील."